व्हेगस नर्व्ह शोधायला एवढं काय अवघड असतं? डिसेक्शन केलेल्यांनी सांगा

वाइंडिंगवाला
नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, कराडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, तीस वर्षं तांब्याच्या तारेत गेली. लेक यंदा एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. आत्तापर्यंत फोनवर जेवलीस का, मेस बरी आहे का एवढंच असायचं, पण गेले चार दिवस एकच रडगाणं, पप्पा व्हेगस सापडत नाहीये. मानेचं डिसेक्शन चालू आहे, एका टेबलाला पंधरा पोरं, हिच्या ग्रुपने डाव्या बाजूला दोन दिवस घालवून एक नर्व्ह मस्त साफ करून काढली, ओळखू यावी म्हणून खालून पिवळा दोरा घातला. सर आले, चिमट्याने उचलून बघितली, "ही व्हेगस नाही" म्हणाले आणि पुढच्या टेबलाला गेले. मग कोण आहे ते सांगितलंच नाही, शोधा म्हणे.

आता माझा प्रश्न. ही नर्व्ह मेंदूपासून निघून पोटापर्यंत जाते असं लेकच सांगते, म्हणजे एवढी लांबलचक वस्तू पंधरा जणांना सापडू नये? आणि दुसरं, मोबाइलवर थ्रीडीमध्ये सगळं दिसतं, मीच अ‍ॅप टाकून बघितलं, बोट लावलं की व्हेगस पिवळीधमक चमकते. मग बॉडी टिकवायच्या त्या फॉर्मलीनमध्ये डोळे चोळत उभं राहायचं कशाला? चेष्टा नाही, खरंच कळून घ्यायचंय.

मिसळ_जास्त_तर्री
पहिला मी. बाकी तज्ज्ञ येतीलच, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निशिगंधा
काका, मी अ‍ॅनाटॉमी शिकवते, त्यामुळे ते "ही व्हेगस नाही" म्हणून पुढे जाणारे सर म्हणजे आमचीच जात, राग मानू नका.

तुमच्याच भाषेत सांगते. तुमच्याकडे वायरींना कलर कोड असतो ना, लाल पिवळा निळा काळा? अ‍ॅपमध्येही तसाच असतो, आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. प्रत्यक्ष बॉडीत कलर कोड नाही. फॉर्मलीनमध्ये सगळं एकाच रंगाचं होतं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं, मळकट करडं-तपकिरी. आणि हे सगळं मोकळं पडलेलं नसतं, चरबी आणि जाळीसारखा फॅशिया भरलेला असतो अधेमधे. आमचं निम्मं काम म्हणजे ती जाळी काढणं, तीही कापून नाही, बंद कात्री आत घालून उघडायची, म्हणजे जाळी फाटते आणि नर्व्ह वाचते. मग बोटाने ओळखायचं. व्हेन चपटी होते, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी, आर्टरी दाबली तर पोकळ लागते आणि परत गोल होते, नर्व्ह मात्र भरीव, सुतळीसारखी, दोन बोटांत फिरवली तर चपटी होत नाही.

मानेत व्हेगस असते कॅरोटिड शीथमध्ये, म्हणजे एका आवरणात तिघं, आतल्या अंगाला कॅरोटिड आर्टरी, बाहेरच्या अंगाला ज्युग्युलर व्हेन आणि दोघींच्या मधल्या खाचेत मागच्या बाजूला व्हेगस. समोरून बघितलं तर दिसतच नाही. वर मोठी व्हेन, मागे दडलेली ही.

वाइंडिंगवाला
म्हणजे एका कन्ड्यूटमध्ये तीन वायरी आणि मधली मागे. आता थोडं डोक्यात बसलं.

गळेपडू
कान-नाक-घसा सर्जन, नाव घसा ऑपरेशनवरून घेतलंय, गैरसमज नको. काका, लेकीला एवढं विचारा, जी नर्व्ह काढली ती शीथ फोडून आत सापडली की शीथ बाजूला सारल्यावर मागे सापडली? आणि वर जबड्याच्या मागे गेल्यावर ती फुगीर होते का, लांबट चिंचोक्यासारखी? मागे असेल आणि फुगीर असेल तर ती सिंपथेटिक चेन, म्हणजे मणक्याच्या बाजूने उभी जाणारी वेगळीच नर्व्ह. दर वर्षी निम्मी टेबलं हीच चूक करतात, आम्हीही केली होती. वरची ती गाठ अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते, सुपीरिअर सर्व्हायकल गँगलिऑन.

रील_बघणारी
अय्या हीच का ती व्हेगस??? माझ्या फीडमध्ये रोज येते. बर्फाच्या पाण्यात तोंड घाला, घशातून गुणगुणा, व्हेगस रीसेट होते आणि अँग्झायटी जाते म्हणे. तिला बघितलेल्या लोकांनी सांगा, खरं का?

पिक्सेल_पांडू
रीसेट बटण सापडलं तर मलाही पाठवा, सोमवारी सकाळी लागतं.

निशिगंधा
@रील_बघणारी, सावकाश श्वास सोडताना ठोके जरा मंद होतात ते व्हेगसमुळेच, नाडीवर बोट ठेवून भ्रामरी करा, स्वतःलाच कळेल. बर्फाच्या पाण्यानेही ठोके उतरतात. पण रीसेट वगैरे शब्द दुकानदारीचे. मजा सांगू का, हिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर बातमी नेणारे आहेत, पोट-हृदय-फुप्फुसाकडून मेंदूकडे. हुकूम पाठवणारी कमी, चहाड्या सांगणारी जास्त. आणि रीलमध्ये कुणी मान दाबून दाखवत असेल तर ते अजिबात करू नका, ते डॉक्टर ईसीजी लावून करतात.

मिसळ_जास्त_तर्री
चहाड्या सांगणारी 😂 आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव व्हेगस ठेवतो.

मिरजकर_आजोबा
लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. कवटीतून ज्युग्युलर फोरेमेन नावाच्या भोकातून बाहेर पडते, आणि मग मान, छाती, पोट, मोठ्या आतड्याच्या दोन-तृतीयांश आडव्या भागापर्यंत हिची वहिवाट. आमच्या उमेदीत, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात, अल्सरसाठी ही नर्व्ह कापायची ऑपरेशनं आठवड्याला ठरलेली असत. अ‍ॅसिड तिच्या हुकुमाने सुटतं, ती कापली की अ‍ॅसिड कमी. शिकागोच्या सर्जन ड्रॅगस्टेडने १९४३ मध्ये ही पद्धत सुरू केली. जठर खाली ओढून धरायचं आणि अन्ननलिकेवरून बोट फिरवायचं, व्हेगस ताणलेल्या तारेसारखी बोटाला लागते, सतारीची तार म्हणा. डोळ्याआधी बोटाला कळते. कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचा, खरंच नर्व्हच कापली ना याची पावती मिळावी म्हणून. एक बारीक फाटा मागच्या खोडातून वर निघतो, तो राहिला की अल्सर परत. त्याला नावच क्रिमिनल नर्व्ह! शिकाऊ असताना माझ्याकडून एकदा राहिली आणि दीड वर्षाने तो गृहस्थ पोट धरून परत दारात उभा. पुढे अ‍ॅसिडच्या गोळ्या आल्या, मग अल्सरचा जंतू सापडला, तो शोधणाऱ्या दोघांना २००५ चं नोबेल मिळालं आणि आमचं ते कसब भंगारात गेलं. आताच्या सर्जनना विचारा, बहुतेकांनी आयुष्यात एकही केलेलं नसेल.

छातीतून पोटात शिरताना डावी व्हेगस जठराच्या पुढे जाते, उजवी मागे. गर्भात जठर वळतं म्हणून. पोरीला व्हायव्हात हमखास विचारतील.

पिक्सेल_पांडू
डावे पुढे, उजवे मागे. राजकारणात कधी जमलं नाही ते पोटात जमलं.

मिसळ_जास्त_तर्री
धागा राजकारणाकडे वळवल्याबद्दल पांडूंना उडवा.

पिक्सेल_पांडू
बरं मुद्द्याचं बोलतो. मी व्हीआरमध्ये, म्हणजे चष्मा लावून आभासी थ्रीडी जग दाखवायच्या तंत्रात काम करतो आणि काकांचा दुसरा प्रश्न कुणी नीट घेतलाच नाही. फॉर्मल्डिहाइड कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, हे काही मी ठरवलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ठरवलंय. बॉडी मिळत नाहीत, एका टेबलाला पंधरा पोरं, त्यातली चार खरं काम करतात आणि बाकीची मागून टाचा उंच करून बघतात. इंग्लंडमध्ये पेनिन्सुला मेडिकल स्कूल २००२ मध्ये सुरू झालं ते डिसेक्शन न ठेवताच, आणि तिथूनही डॉक्टर निघालेच की. व्हीआरमध्ये व्हेगस एका फेरीत कवटीपासून जठरापर्यंत सलग दाखवता येते. बॉडीत कुणी सलग बघितली आहे का, खरं सांगा.

निशिगंधा
सलगचा मुद्दा एकदम बरोबर, मान्य. आपल्याकडे छाती आधी होते, मान शेवटी, आणि मधे हृदय-फुप्फुसं बाहेर काढताना व्हेगस कापलेली असते. म्हणजे पोरं तिचा खालचा भाग दिवाळीच्या आसपास बघतात आणि वरचा भाग होळीला. काकांच्या लेकीने हिला छातीत नक्की बघितली असणार, फक्त ती हीच हे आता विसरली असेल. टाचा उंच करून बघणाऱ्यांचंही खरं, मी पहिले दोन महिने त्यांच्यातच होते, उंची पाच फूट.

पण वासाबद्दल एक. सौम्य रसायनांत बॉडी मऊ ठेवायची थीलची पद्धत आहे, १९९२ ची, ऑस्ट्रियातल्या ग्राझची. रंगही बराच टिकतो. आपल्याकडे महाग पडते.

गळेपडू
पांडू, तुमच्या व्हीआरमध्ये नॉन-रिकरंट आहे का? नाही ना?

सांगतो. व्हेगसची एक फांदी आवाजाच्या पेटीला जाते, रिकरंट लॅरिंजिअल. ती सरळ जात नाही, आधी छातीत उतरते, डावीकडची महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर चढते. उजवीकडची सबक्लेव्हिअन आर्टरीला वळसा घालते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आम्ही तिला आधी शोधतो, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेत, कारण ती दुखावली की माणसाचा आवाज बसला. आता शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत उजवी सबक्लेव्हिअन भलतीकडून निघते, अन्ननलिकेच्या मागून येते, मग वळसा घालायला काही उरतच नाही आणि नर्व्ह व्हेगसमधून निघून आडवी थेट आवाजाच्या पेटीत जाते. मी अशी एकदाच बघितली, ऑपरेशन चालू असताना. खाचेत शोधतोय शोधतोय, नाहीच, आणि ज्या आडव्या दोरीला मी छोटी व्हेन समजून बांधायला निघालो होतो तीच ती. हात थांबला कारण ती बोटात चपटी होत नव्हती. फर्स्ट इयरला शिकलेली एकमेव गोष्ट जी त्या क्षणी कामाला आली.

पिक्सेल_पांडू
चपटी होत नव्हती... ठीक आहे, हे मला कोडमध्ये घालता येत नाही. अजून.

ढोरडॉक्टर
पशुवैद्यकवाले कुणी नाही वाटतं, मी येतो. गळेपडू साहेब, तुमच्या वळशाचं काय कौतुक, जिराफाकडे बघा. मेंदूपासून आवाजाच्या पेटीपर्यंत अंतर वीतभर, पण ती बिचारी अख्खी मान उतरून छातीत जाऊन परत वर, चार मीटरच्या वर प्रवास. उत्क्रांतीत माशांच्या काळात सरळ वाट होती, मान लांबली, हृदय खाली सरकलं, नर्व्ह कमानीत अडकून बसली. उंच घोड्यांत हीच डावी लांब नर्व्ह निकामी होते आणि धावताना घशातून घर्र घर्र आवाज येतो, रेसवाल्यांना विचारा, किंमत निम्मी होते.

आणि वाइंडिंगवाले भाऊ, तुमच्यासाठी खास. गाई चाऱ्याबरोबर तारा, खिळे गिळतात. तार जाळीपोटाला, म्हणजे गाईच्या पोटाच्या एका कप्प्याला, टोचते, तिथं पू होतो, व्हेगस दुखावते, मग पोट पुढं ढकलायचं बंद होतं, डावीकडून गोल फुगते आणि उजवीकडून खाली लोंबते. महिनाभर खात नाही आणि मालक म्हणतो दृष्ट लागली. तेव्हा दुकानाबाहेर तारेचे तुकडे टाकत जाऊ नका.

अजून एक. तुमच्या लेकीला जी भानगड झाली ती आमच्या पोरांना होतच नाही, कारण शेळीत, गाईत मानेतली व्हेगस आणि सिंपथेटिक एकाच आवरणात बांधलेल्या असतात. दोन्ही एकत्रच सापडतात. चूक करायला जागाच नाही 😄

वाइंडिंगवाला
डॉक्टर, तुकडे भंगारवाल्याला विकतो, एक मीटर सोडत नाही. गाईला बिचारीला काही मिळायचं नाही आमच्याकडनं.

खोकलेश्वर
अवांतर, पण कान कोरताना खोकला येतो त्याचा याच्याशी संबंध आहे का? आमच्या आजोबांना सहा महिने कोरडा खोकला, एक्सरे झाले, सिरपच्या बाटल्या झाल्या, शेवटी कानातून हरभऱ्याएवढा मळ निघाला आणि खोकला गायब.

गळेपडू
१०० टक्के संबंध आहे. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या नळीत येते, अर्नॉल्डची नर्व्ह. कान खाजवला, मेंदूला वाटलं घसा खाजवला. आजोबांचा किस्सा मी लेक्चरमध्ये वापरणार.

फॉर्मलीनचा_वास
मी सेकंड इयर. पहिल्या दिवशी हॉलमध्ये आमच्या बॅचचा सगळ्यात धिप्पाड मुलगा, जिममधला, चादर बाजूला केल्या केल्या धाडकन खाली. मॅडम त्याचे पाय वर करून शांतपणे म्हणाल्या, "बघा, व्हेगस. नाडी मंदावली, प्रेशर पडलं." म्हणजे नर्व्ह बघण्याआधी तिचं काम बघितलं. आणि भूक! कुणी सांगत नाही पण त्या हॉलमधून बाहेर आलो की राक्षसासारखी भूक लागते, हात चारदा धुऊनही वडापावला तो वास येतो आणि तरी दोन खातो.

अनघा_ठाणे
मी फक्त वाचत होते. माझ्या वडिलांनी देहदान केलं, सहा वर्षं झाली. आईला अजून कधी कधी वाटतं की आपण त्यांना कुठल्या हातात देऊन आलो. फॉर्म त्यांनी स्वतःच भरलेला, दोन सह्या आमच्या, तरी तिथून रिकाम्या गाडीतून परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. आज तो पिवळा दोऱ्याचा उल्लेख वाचून कुठंतरी बरं वाटलं, का ते माहीत नाही.

फॉर्मलीनचा_वास
ताई, आमच्याकडे पहिल्या दिवशी शपथ असते, बॉडीसमोर उभं राहून. पहिला गुरू म्हणतात. नाव सांगत नाहीत. आमच्या टेबलावर आजी होत्या, पायाच्या दुसऱ्या बोटाला जोडव्याची खोल खूण होती, आयुष्यभराची. आम्ही कुणीच ते बोट डिसेक्ट केलं नाही, कुणी ठरवलं नव्हतं पण नाही केलं. आईंना सांगा.

अनघा_ठाणे
सांगते.

जुनं_ते_सोनं
इतिहासातलं थोडं. आवाजाच्या या नर्व्हचा शोध दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेनने लावला, लोकांसमोर जिवंत डुकराच्या मानेतल्या नर्व्ह बांधल्या की डुक्कर ओरडायचं थांबे. क्रूर होतं, पण आवाज हृदयातून येतो असं मानणाऱ्या मंडळींची तोंडं बंद झाली. आणि सुश्रुताची पद्धत माहीतच असेल, देह गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात दिवस, मग कुंचल्याने थर थर काढायचे. फॉर्मलीन नाही, कात्री नाही.

निशिगंधाताईंनी ग्राझ म्हटलं म्हणून आठवलं, तिथल्याच ओटो लोवीने १९२१ मध्ये रात्री झोपेत प्रयोग सुचला म्हणून चिठ्ठीवर खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर वाचता येईना! दुसऱ्या रात्री परत तेच सुचलं तेव्हा तीन वाजता उठून सरळ प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं, एकाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्यावर टाकलं तर तेही मंदावलं. म्हणजे नर्व्ह नुसती वीज नेत नाही, टोकाला रसायन सोडते. १९३६ चं नोबेल.

मिसळ_जास्त_तर्री
डॉक्टरांचं अक्षर, १९२१ पासून.

मिरजकर_आजोबा
वाइंडिंगवाले, तुमच्या धंद्यातली एक गोष्ट राहिली. फिट्स गोळ्यांनी आवरत नसतील तर डाव्या व्हेगसला मानेत बारीक तारेची स्प्रिंगसारखी वेटोळी बसवतात आणि छातीत बॅटरी. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. डावीच का, तर उजवीचा हृदयाच्या ठोक्यांवर ताबा जास्त. म्हणजे व्हेगसचंही वाइंडिंग होतं.

वाइंडिंगवाला
आजोबा, किती गेजची तार वापरतात ते कळवा, कोटेशन देतो 😄

तीन दिवसांनी लिहितोय, लेक शनिवारी घरी आली होती. गळेपडू सरांचा प्रश्न तिला वाचून दाखवला तर गप्पच झाली. शीथ त्यांनी फोडलीच नव्हती, अख्खी बाजूला सारून मागची नर्व्ह काढली होती, आणि वर चिंचोक्यासारखी गाठ होती, ती त्यांना वाटलं चरबी राहिलीय म्हणून सोडून दिली. म्हणजे सिंपथेटिकच. आणि व्हेगस बिचारी पहिल्या दिवसापासून ज्युग्युलरच्या पाठीला चिकटून बाजूला पडलेली, रोज हेच तिला हुकने ओढून धरत होते.

सोमवारी गेली, शीथ उभी चिरली, व्हेन बाहेर ओढली, खाचेत सापडली. पण आता खात्री कुणाला, एकदा फसलेली पोरं. मी तिला सांगितलेलं की भिंतीतली वायर कुठली ते कळत नसलं की आम्ही एक टोक हळूच ओढतो आणि दुसरं टोक कुठलं हलतं ते बघतो. तिने वरून चिमट्यात धरून अलगद हलवली, मैत्रिणीला छातीत बघायला सांगितलं, कमानीच्या पुढून गेलेला जो कापलेला तुकडा दिवाळीपासून तिथं पडून होता तो हलला. सर आले. "हं" म्हणाले. दोरा बदलला का विचारलं तर म्हणे नाही, आधीचाही ठेवला, दोन दोरे.

निशिगंधा
"हं" म्हणजे आमच्या जातीत डिस्टिंक्शन, काका.

ढोरडॉक्टर
अभिनंदन! आता वळसा बघायचा असेल तर मटणाच्या दुकानातून काळीज-फुप्फुस-नळी सगळं एकसंध आणा, हृदयावरची कमान कापू नको म्हणावं. बोकडाची डावी रिकरंट घरच्या परातीत दिसते.

वाइंडिंगवाला
रविवारीच आणलं की. दुकानदार म्हणतो एवढं सगळं कशाला, नळी कोण खातं. परात, सुईदोरा आणि माझा बारीक नोज प्लायर घेऊन दोघी-तिघी ओट्याशी दोन तास. वळसा सापडला, कमानीखालून दोऱ्याएवढी वर जाताना मीही बघितली, बोटात फिरवून पण बघितली, चपटी होत नाही. बायको बोलत नाहीये, तिची पुरणाची परात होती ती.

मिसळ_जास्त_तर्री
काळजाचं काय केलंत पुढे?

वाइंडिंगवाला
फ्राय.